घरच्या इंटरनेटचे पैसे वसूल होत नाहीत? या चुका टाळा

महिन्याला पाच-सातशे रुपये भरूनही बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या वाड्यांत आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो. मांजलपूरच्या नव्या डुप्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर नेट पोचत नाही. मग माणूस आधी कंपनीला शिव्या घालतो, आणि तरी भागलं नाही तर प्लॅन वाढवतो. दोन्हीत घाई होते. पैसे तीन ठिकाणी गळतात: बाहेरून घरात येणाऱ्या तारेत, घरातल्या वायफायमध्ये आणि आपण निवडलेल्या प्लॅनमध्ये. गळती कुठे आहे हे सापडल्याशिवाय इंटरनेट महाग पडतंय की स्वस्त, हे ठरवता येत नाही.

मोबाईलवर स्पीड बघून निकाल देणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. माजघरात पलंगावर बसून मोबाईलवर स्पीड टेस्ट केली, १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट्स) प्लॅनवर ३५ आले, की फसवणूक झाली असं वाटतं. पण ही टेस्ट वायफायची असते, कंपनीच्या लाईनची नसते.

लाईन तपासायची तर लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला तारेने जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा, टीव्ही आणि बाकीचे मोबाईल नेटवरून काढा आणि मग टेस्ट घ्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री ८ ते ११ च्या मध्ये एकदा, असं तीन-चार दिवस करा. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा. तारेवर तिन्ही वेळा १०० च्या प्लॅनला ९२ ते ९५ येत असतील तर कंपनी पूर्ण माल देते आहे. १०० च्या पोर्टमधून एवढंच बाहेर पडतं, वरचा थोडा भाग डेटाच्या पाकिटांवरच्या पत्त्यांमध्ये जातो. सकाळी ९० आणि रात्री २० असेल तर मात्र पुढे एकाच लाईनवर जास्त घरं लटकवली आहेत, आणि ती तक्रार तुमच्या हक्काची आहे.

२०० किंवा ३०० चा प्लॅन आणि तारेवरही आकडा ९४ वर अडलेला, असं दिसलं तर घरातली तार बघा. १०० एमबीपीएससाठी तारेतल्या आठपैकी चारच वायरी लागतात, केशरी आणि हिरवी जोडी. त्यापुढे जायचं तर निळी आणि तपकिरी जोडीही पिनेला नीट बसलेली हवी. घाईत क्रिंप केलेल्या, म्हणजे पकडीने दाबून बसवलेल्या जॅकमध्ये एक वायर आत पोचलेली नसते. लाईन चालू राहते, पण १०० वर येऊन थांबते. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड १००/१०० दिसला तर हाच दोष समजा, नाहीतर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० चं आहे. नवा जॅक काही रुपयांत बसतो. हे न बघता वर्षभर ३०० चे पैसे भरणारी घरं थोडी नाहीत.

आणखी एक गोंधळ. प्लॅन मोजला जातो बिट्समध्ये आणि फाईल बाइट्समध्ये, आणि आठ बिट्सचा एक बाइट होतो. १०० एमबीपीएसवर फाईल सेकंदाला साधारण साडेबारा एमबीने उतरते. तेवढी उतरत असेल तर तक्रारीला जागा नाही.

राउटर दाराशी ठेवणं

लाईन जोडायला आलेला माणूस तार जिथून आत येते तिथेच खिळा ठोकून राउटरचा डबा टांगतो, म्हणजे जिन्यात, ओसरीत नाहीतर दाराच्या वर. त्याचं काम तिथे संपतं, तुमचा त्रास तिथून सुरू होतो. वायफाय दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ. वाड्याची दीड-दोन फुटी विटांची भिंत ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल जवळजवळ गिळून टाकते. २.४ गीगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जातो, पण पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट गल्लीत, घराला घर चिकटलेलं असल्यामुळे त्याच पट्ट्यात दहा-पंधरा शेजाऱ्यांचे राउटर बोलत असतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि फिशटँक यांच्यामागे राउटर ठेवला तर उरलासुरला सिग्नलही जातो. टीव्हीच्या मागे तर तो ठेवूच नका.

लाईन घेतानाच दहा-पंधरा मीटर फायबर जास्त सोडायला सांगा आणि डबा घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर बसवून घ्या. लाईन आधीच बसली असेल तर डबा तिथेच राहू द्या. तिथून कॅट-६ ची तार मधल्या खोलीपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा ड्युअल-बँड (दोन्ही पट्ट्यांत चालणारा) राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता लावा. त्याचं डीएचसीपी, म्हणजे मोबाईल-लॅपटॉपना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम, बंद करा आणि वायफायचं नाव-पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा. तार धरून दोन हजारांच्या आसपास काम होतं. प्लॅन तीनशेने वाढवला तर वर्षाला जीएसटीसकट चार हजारांवर जातात आणि मागची खोली होती तशीच राहते.

स्वस्तातला रिपीटर टाळा. एकाच रेडिओवर घेणं आणि पुढे देणं चालत असल्याने स्पीड निम्म्यावर येतो, आणि तो मुळात कमजोर सिग्नलच्या जागी लावला तर निम्म्याचंही निम्मं होतं.

राउटर बदलता येत नसेल तर एवढं तरी करा: २.४ चा चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ यातला सगळ्यात मोकळा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, आणि ५ गीगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, म्हणजे राउटरजवळचा टीव्ही चुकून २.४ वर बसणार नाही. कंपनीने दिलेला राउटर फक्त २.४ वर चालणारा असेल तर मोबाईलवर ३०-४० च्या पुढे आकडा क्वचितच जाईल. अशा डब्यावर १५० चा प्लॅन घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

लाल दिवा दिसला की डबा रीस्टार्ट करत बसणं

एलओएस (लॉस ऑफ सिग्नल) लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे डब्यापर्यंत प्रकाश पोचतच नाही. दहादा बंद-चालू करून तो पोचणार नाही. आधी डब्यामागची पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी बघा. ती कपाटाखाली दबली असेल, खिळ्याभोवती आवळून गुंडाळली असेल तर सोडवा. वळसा निदान चहाच्या बशीएवढा हवा. जॅक काढून परत बसवायचा तर टोकाला बोट लावू नका. हिरवा जॅक हिरव्यातच आणि निळा निळ्यातच जातो. हिरव्याला निळा जोडला तर बसतो, चालल्यासारखाही वाटतो, पण दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि मधल्या फटीत प्रकाश वाया जातो.

राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडलात तर बऱ्याच डब्यांत आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाचा जोर, हा आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेला की लाईन मधूनमधून तुटते. लाईन नवी असताना हा आकडा लिहून ठेवा. ३ डीबीचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा झाला. 'आधी उणे २० होता, आता उणे २६ आहे' असं सांगितलंत की लाईनमन टाळाटाळ न करता बाहेरचा जोड उघडून बघतो.

बडोद्यात हे जोड वर्षातून एकदा हमखास ताणले जातात, ते उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत. तारेत अडकलेला मांजा गच्चीवरून ओढला की खांब आणि घर यांमधली बारीक फायबर ओढली जाते. तुटली नाही तरी जोड सैल होतो. पतंग काढायचा तर मांजा दोन्ही बाजूंनी कापा, ओढू नका. १४-१५ जानेवारीनंतर आरएक्स पॉवर एकदा बघून घ्या. पावसाळ्याचं म्हणाल तर काचेच्या तंतूला पाण्याची भीती नसते, डब्याला असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तसं ज्यांच्या तळमजल्यावर शिरू शकतं, त्यांनी डबा आणि त्याचा प्लग पाच-साडेपाच फुटांवर घ्यावा.

वीज गेली की नेट जाणं यात बहुतेक वेळा कंपनीचा दोष नसतो. शुद्ध फायबरच्या लाईनला वाटेत वीज लागत नाही. डब्याला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस दिला की नेट चालू राहतं. अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. डबा १० वॅटचा असेल तर १०,००० एमएएचचा यूपीएस अडीच-तीन तास खेचतो. पण केबलवाल्याने इमारतीपर्यंत फायबर आणि पुढे लॅनची तार दिली असेल, तर जिन्यातल्या स्विचची वीज गेली की तुमचा यूपीएस कामाचा नाही. लाईन घेण्याआधी हे स्पष्ट विचारा. दोन्हींचा दर सारखा असेल तर फायबर थेट घरात आणणाराच घ्या.

गरज न मोजता प्लॅन घेणं

४के सिनेमाला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, साध्या एचडीला ५ आणि व्हिडिओ कॉलला ३-४. चार माणसांचं घर, एक टीव्ही, दोन मोबाईल आणि एक घरून काम करणारा, सगळं एकाच वेळी चालू धरलं तरी ५० मध्ये भागतं. म्हणून आमचं स्पष्ट मत असं की बहुतेक घरांना ४९९ च्या आसपासचा ४०-५० चा फायबर प्लॅन पुरतो आणि तो पैशाला पुरून उरतो. मोठी गेम किंवा व्हिडिओच्या फाईली रोज चढवणारे-उतरवणारे कोणी घरात असेल तरच १०० च्या वर जा, आणि तेव्हा अपलोडचा आकडा वेगळा विचारा.

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा: ४९९ चे ५८८.८२ होतात. अनलिमिटेडलाही मर्यादा असते. फायबरवर ती बऱ्याचदा महिन्याला ३३०० जीबी, म्हणजे दिवसाला ११० जीबी, घरगुती वापराला भरपूर. एअरफायबरच्या, म्हणजे तारेऐवजी हवेतून नेट देणाऱ्या जोडण्यांवर ती बऱ्याचदा १००० जीबी असते. ४के एका तासाला ७ जीबीपर्यंत खातं, तेव्हा दोन टीव्ही रोज चालणाऱ्या घरात महिनाअखेरीला नेट रांगू लागतं. वर्षभराचे पैसे आगाऊ भरून 'दोन महिने मोफत' घेण्याआधी एक महिना साधा घालवा आणि रात्रीचा स्पीड वर सांगितल्याप्रमाणे मोजा.

फोनवर भांडून तक्रार नोंदली असं समजणं

केबलवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर 'भाऊ, नेट बंद आहे' लिहिणं म्हणजे तक्रार नोंदणं नव्हे. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. मागे लागायला हाताशी तोच असतो. नेट किती दिवस बंद होतं ते तारखांसकट लिहून तेवढ्या भाड्याची सूट लेखी मागा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे लिहिण्यात महिना घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५ आहे, आणि दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा ते स्क्रीनशॉट उपयोगी पडतात.

लाईन सोडताना डबा, अडॅप्टर आणि असेल तर सेट-टॉप बॉक्स परत करून सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, अनामत परतीचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि बँकेतला ऑटोपे स्वतः बंद करा. कंपनीने लाईन कापली तरी ऑटोपे आपोआप थांबेल असं धरून चालू नका.