परिविक्षेवरील मुलांसाठी स्वयंसेवक नेमताय? या चुका टाळा

परिविक्षा म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला सुधारगृहात न ठेवता अटींवर, देखरेखीखाली घरी सोडणे. या देखरेखीची कायदेशीर जबाबदारी परिविक्षा अधिकाऱ्याचीच असते. स्वयंसेवक फक्त त्याच्या हाताखाली मदत करतो. हे विसरून स्वयंसेवक हवालदारासारखा वागू लागला की मूल फोन उचलणे बंद करते.

सर्वात महाग पडणारी चूक वस्तीत होते. गळ्यात संस्थेचे ओळखपत्र, हातात फाइल आणि ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या चाळीत चौकशी, 'अमुक कुठे राहतो?' संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करते. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून पहिली भेट अधिकाऱ्यासोबत, पालकांना आधी फोन करून, ओळखपत्र खिशात ठेवून. पुढच्या भेटी वाचनालयात किंवा तलावपाळीला. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव, फोटो, शाळा काहीही नको. नोंदवहीत नुसता क्रमांक.

जोडी लावताना त्याच गल्लीतला माणूस देऊ नका. फार लांबचाही नको, तो तिसऱ्या आठवड्यापासून कारणे सांगतो. दिघ्याच्या मुलाला ऐरोलीचा चालतो. परिविक्षा ३ वर्षांपर्यंत असू शकते आणि कॉलेजचे विद्यार्थी परीक्षा आल्या की गायब होतात, तेव्हा बदली माणसाची ओळख आधीच करून द्या.

भेट चुकली की लगेच 'गैरहजर' लिहून मोकळे होऊ नका. मूल कामावर असेल तर सकाळी अकराची वेळ ठरवणाऱ्याचीच चूक. कारण विचारा, त्याच दिवशी अधिकाऱ्याला कळवा. अटभंग झाला की नाही हे स्वयंसेवक ठरवत नाही.

'वर्तन समाधानकारक' या शेऱ्याचा मुलाचे प्रकरण चालवणाऱ्या बाल न्याय मंडळाला काडीचा उपयोग नाही. तारीख, किती वेळ बोलणे झाले, घरी कोण होते, वर्गात किती दिवस गेला, पुढे काय ठरले एवढे लिहा. शाळा सुटलेल्याला नुसते 'शिक' म्हणण्यापेक्षा दहावीच्या १७ नंबरच्या फॉर्मची (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज) मुदत बघून द्या.

'कुणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ प्रमाणे तो कळवावाच लागतो. हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगून टाका.

१८ ते २१ वयाच्या तरुणाचे प्रकरण सहसा १९५८ च्या परिविक्षा कायद्याखाली न्यायालयात असते. त्याची फाइल मंडळाच्या गठ्ठ्यात घालू नका.