रक्त कधी चढवायचं? ऑपरेशन टेबलवरच्या या चुका टाळा

खानापूर, निपाणी, बैलहोंगलच्या छोट्या हॉस्पिटलांत भूल द्यायला फिरताना नवे भूलतज्ज्ञ त्याच त्या चुका करताना दिसतात. सगळ्यांत घातक चूक आधी सांगतो.

हिमोग्लोबिनचा आकडा बघून निवांत बसणं. रक्त भराभर वाहतं तेव्हा लाल पेशी आणि प्लाझ्मा एकदमच जातात, त्यामुळं सुरुवातीला आकडा जवळपास तसाच राहतो. सलाईन मिसळल्यावर तो पडतो. एका सिझेरियनला गर्भाशय आकुंचन पावेना, त्यामुळं रक्त थांबेना. सक्शनची बाटली, म्हणजे ओढून घेतलेलं रक्त जमा होतं ती, निम्मीसुद्धा भरली नव्हती. हिमोग्लोबिन १०.४ आलं तसा सोबतचा तरुण डॉक्टर म्हणाला, "सर, दहाच्या वर आहे की, थांबू या." नाडी १३० च्या पुढं होती. टेबलाखाली वाकून बघितलं तर मॉप (रक्त टिपायची कापडं), चादरी, फरशी सगळं रक्तानं भिजलेलं. रक्त बेळगावहून यायचं होतं, म्हणून गाडी तेव्हाच पिटाळली. पिशव्या येईपर्यंत आकडा सहावर आला होता. आकड्याची वाट बघत बसलो असतो तर ती बाई गेली असती.

भिजलेले मॉप मी वजनकाट्यावर ठेवायला लावतो. कोरं वजन वजा केलं की एक ग्रॅमला साधारण एक मिली रक्त. नाडी, लघवी, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते), आणि सर्जनच्या हाताखाली अजून किती वाहतंय, हे सगळं मिळून मी ठरवतो.

हिशेब न करता भूल देणं. गरोदर नसलेली ६० किलोची बाई, किलोला ६५ मिली धरलं तर अंगात ३,९०० मिली रक्त. हिमोग्लोबिन १२ आहे आणि ८ पर्यंत चालेल, तर (१२−८)÷१२ गुणिले ३,९००, म्हणजे साधारण १,३०० मिली जाईपर्यंत रक्त न चढवता चालेल. दोन मिनिटांचं काम, तेवढाही धीर नसेल तर कसं व्हायचं? क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते तपासणं, मात्र आदल्या दिवशीच. बेळगावचा रस्ता तुमच्या घाईनं लहान होत नाही.

"एक बाटली लावा की ओ डॉक्टर, ताकद येईल." नातेवाईक असं म्हणणारच, डॉक्टरनं ऐकायचं नसतं. 'दहाच्या खाली गेलं की रक्त' हा अ‍ॅडम्स आणि लुंडी यांचा १९४२ चा नियम. १९९९ च्या कॅनडातल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना ७ च्या मर्यादेनं काही तोटा झाला नाही. रक्तस्राव थांबलेल्या, स्थिर रुग्णाला मी ७ पर्यंत थांबतो, हृदयविकार असेल तर ८. एक पिशवी साधारण १ ग्रॅमनं वाढवते. एक द्या, परत तपासा, मगच दुसरी.

रक्ताच्या नळीतून रिंगर लॅक्टेट हे सलाईन सोडणं. त्यात कॅल्शियम असतं, गुठळ्या होऊ शकतात. नॉर्मल सलाईनच वापरा.

थंडगार पिशव्या भराभर ढकलणं. वॉर्मर लावा आणि कॅल्शियम द्या, कारण पिशवीतलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) रुग्णाचं कॅल्शियम बांधून ठेवतं.

पिशवी लावून पाठ फिरवणं. रक्त जुळलं नाही तर थंडी वाजते, पण भुलेतल्या माणसाला ते सांगता येत नाही. कारण नसताना बीपी पडलं, लघवी लाल आली, जखम सगळीकडून पाझरू लागली, तर आधी पिशवी बंद करा. मग नाव, गट आणि पिशवीचा नंबर पुन्हा वाचून, तीच पिशवी रुग्णाच्या नव्या नमुन्यासह रक्तपेढीला पाठवा.