आयआयएमच्या मुलाखतीची तयारी: आधी स्वतःचा फॉर्म वाचा

कॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागून मुलाखतीचा कॉल आला की बहुतेक मुलं चालू घडामोडींच्या मागे लागतात. ते करायलाच हवं. मुलाखती फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतात, अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडलेला असतो. रेपो दर आणि वित्तीय तूट तरी धड सांगता यायला हवी. पण पॅनेलमधल्या दोन-तीन प्राध्यापकांच्या हातात तुम्हीच भरलेला फॉर्म असतो आणि वीस-पंचवीस मिनिटांतला बराचसा वेळ त्यावरच जातो.

माझ्या फॉर्मवर गाव होतं इचलकरंजी. लगेच प्रश्न आला, सूत महागलं की यंत्रमागवाल्याचं काय होतं? मी म्हटलं, खर्चीवाल्याला, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्याला, सूत व्यापारी देतो, त्याला मिळते ती पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबाने, मजुरी. सूत महागलं की व्यापारी काम कमी देतो, माग नुसते बंद उभे राहतात, पण विजेचा स्थिर आकार भरावाच लागतो. 'स्थिर आकार' म्हटलं आणि सरांनी कागद पुढे सरकवला: मग महिन्यात किती दिवस माग चालला तर परवडेल, मांडून दाखव. आकडे मीच धरायचे होते. उत्तर किती आलं हे कोणी विचारलंसुद्धा नाही. कुठला खर्च कुठे धरला, एवढंच ते बघत होते.

पुढचा प्रश्न असा तुमच्याच उत्तरातून निघतो. म्हणून ज्यावर आणखी दोन प्रश्न झेलता येणार नाहीत, तो शब्द तोंडातून काढू नका. छंद 'वाचन' लिहिलंत तर शेवटचं पुस्तक विचारणारच. पदवीचे दोन विषय पक्के करा. इंजिनिअर असून थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम अडला तर फार वाईट दिसतं. येत नसेल तर 'सर, नाही येत' म्हणा आणि थांबा. गोलगोल बोललेलं त्यांना लगेच कळतं.

इंग्रजीची धास्ती मात्र सोडा. उच्चार गावाकडचे असले तरी चालतात, वाक्य पूर्ण करा.

बाकी प्रत्येक संस्थेची रीत निराळी. अहमदाबादला मुलाखतीबरोबर लेखी विश्लेषण असतं, मुंबईच्या एसपीजेआयएमआर या व्यवस्थापन संस्थेत गटात मुलाखत होते. मुंबईच्याच जमनालाल बजाज संस्थेत राज्याच्या सीईटीतून जाणार असाल, तर प्रवेश कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, गुणांवरच होतो, मुलाखत नसतेच.