एका माइकभोवती पाच वाद्ये : आपल्या गावात ब्लूग्रासची मैफल कशी भरवावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी परिसरातल्या एखाद्या मंडळाला ब्लूग्रास हे अमेरिकेतले तंतुवाद्यांचे लोकसंगीत वाजवणाऱ्या पाहुण्या कलाकारांची मैफल भरवायची असेल, तर तयारीची सुरुवात निमंत्रणपत्रिकेपासून न करता ध्वनिव्यवस्थेपासून करावी. या संगीताचे मर्म वाद्यांच्या आपसातल्या तोलात आहे आणि तो बिघडला, तर कितीही तयारीचे कलाकार आले तरी श्रोत्यांच्या कानी केवळ गोंगाट पडतो.

मँडोलिन, फिडल म्हणजे आपले व्हायोलिन, पाच तारांचा बँजो, गिटार आणि उभा डबल बास ही या संगीताची मुख्य वाद्ये होत. अमेरिकेतल्या केंटकी राज्याचे बिल मन्रो १९३९ मध्ये ‘ब्लू ग्रास बॉइज’ हा आपला ताफा घेऊन नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले आणि त्यांच्याच ताफ्यावरून या बाजाला नाव मिळाले. पुढे डिसेंबर १९४५ मध्ये अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी वाजणारा बँजो घेऊन त्यात आले, तेव्हा त्याचे आजचे रूप घडले. यात तालवाद्य नसते. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला डबल बासचा भरीव स्वर पडतो, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मँडोलिनवादक नखीने तारा छेडून डाव्या हाताची बोटे पडद्यांवरून लगेच सैल करतो, त्यामुळे स्वर न लांबता ‘चक्’ असा तुटक आवाज निघतो. भजनात टाळ जे काम करतात, तेच काम हा ‘चक्’ करतो, म्हणून तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलाच पाहिजे.

आमच्या पहिल्या मैफलीत नेमका तोच हरवला. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माइक लावला, कलाकारांच्या पायाशी मॉनिटर, म्हणजे त्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर, ठेवले आणि सगळ्यांचा आवाज चढवला. परिणामी माइक सतत शिट्टी मारू लागले आणि बासच्या घुमाऱ्यात मँडोलिन बुडून गेली. मध्यंतरात पाहुण्यांनी सगळे माइक काढायला लावून एकच कंडेन्सर माइक, म्हणजे थोड्या अंतरावरचाही आवाज बारकाईने टिपणारा माइक, मधोमध उभा केला, आणि उत्तरार्धात सभागृहाने श्वास रोखून ऐकले. तेव्हापासून आम्ही दुसऱ्या कोणत्याही पद्धतीच्या वाटेला गेलो नाही. रेडिओच्या जुन्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे.

त्यासाठी आतला आवाज झेलणारा पडदा मोठा असलेला, समोरून येणारा आवाज घेऊन मागचा टाळणारा कंडेन्सर माइक भाड्याने घ्यावा. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तेव्हा मिक्सरवर ती सोय आहे की नाही, हे आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. माइक साधारण छातीच्या उंचीवर, कलाकारांकडे तोंड करून ठेवावा. स्पीकर मात्र माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत आणि मॉनिटर अजिबात लावू नयेत. गिटारचा आवाज मृदू असल्याने गिटारवादकाला जवळची जागा द्यावी, बँजो खणखणीत वाजतो म्हणून तो पाऊलभर मागे असावा आणि डबल बास एका बाजूला सर्वांत मागे राहावा. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून ज्याची पाळी असेल तो वादक पुढे सरकतो आणि त्याचा तुकडा संपताच मागे हटून दुसऱ्याला वाट देतो. हे सरकणे आधी ठरलेले असते, त्यामुळे ध्वनिव्यवस्थेवर बसलेल्या माणसाने एकदा पातळी लावल्यावर बटणांना हात लावू नये, हे त्याला नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे. वायर कोणाच्या पायात येणार नाही, अशी चिकटपट्टीने पक्की करावी. ही वाद्ये विजेवर चालत नाहीत, म्हणून दीडशे खुर्च्यांपर्यंतचे सभागृह असेल, तर मध्येच वीज गेली तरी मैफल थांबवण्याचे कारण नाही.

डबल बास विमानाने आणणे बहुतेकांना परवडत नाही. गोव्यात पाश्चात्त्य संगीताची परंपरा जुनी आहे, म्हणून तो तिथून मिळतो का, याची चौकशी करावी. चोर्ला घाटातून टेंपोने आणताना तो कुशीवर निजवावा, खाली-वर जाड वाकळी घालाव्यात आणि घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्यावर, भार येऊ देऊ नये. तारा थोड्या उतरवाव्यात, परंतु सगळ्या एकदम सैल करू नयेत, कारण ताण पूर्ण गेला की पोटातली आधाराची लाकडी काडी पडण्याची भीती असते आणि ती पुन्हा बसवणारा कारागीर जवळपास सापडेलच असे नाही. बँजो आणि मँडोलिनच्या तारांचे जादा संच पाहुण्यांनाच आणायला सांगावेत.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगते आणि वाद्ये सुरात राहत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. वाद्ये सभागृहात किमान दोन तास आधी नेऊन ठेवावीत. तंबोरा लागेपर्यंत शांत बसण्याची ज्यांना सवय आहे, त्या आपल्या श्रोत्यांना दोन गाण्यांच्या मधली जुळवाजुळव खटकत नाही, हे पाहुण्यांनाही सांगावे; कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला, हे ऐकून त्यांनाही आपण कुठे वाजवत आहोत याची जाणीव होते.

निवेदन मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, प्रत्येकी दोन मिनिटांहून अधिक नसावे. त्यात एक गोष्ट आवर्जून सांगावी : गाणे चालू असतानाच एकेका वादकाचा तुकडा संपला की टाळी द्यायची असते. आपण तिहाईला दाद देतो तसेच ते आहे, परंतु कोणी सांगितले नाही, तर लोक संकोचाने शेवटपर्यंत हात आवरून बसतात आणि कलाकारांना वाटते की रंग भरत नाही.

कार्यक्रम साडेसहाला सुरू करून नऊपर्यंत संपवावा आणि त्यानंतर तासभर सभागृह हाती ठेवावे. एकत्र वर्तुळात बसून वाजवणे हा ब्लूग्रासचा जीवच आहे, म्हणून गल्लीतल्या भजनी मंडळाला पेटी आणि टाळांसह आधीच बोलावून ठेवावे. बँजोच्या मोकळ्या तारा जी स्वरात, म्हणजे पेटीच्या पांढरी पाचमध्ये मिळवलेल्या असतात, तेव्हा पेटीवाल्याने तोच षड्ज धरावा. जुन्या पेट्या किंचित चढ्या किंवा उतरत्या असतात आणि त्यांचे सूर ऐनवेळी हलवता येत नाहीत, म्हणून पेटीवाल्याने आधी पांढरी पाच दाबून धरावी आणि पाहुण्यांनी आपल्या खुंट्या पिळून तिच्याशी तारा मिळवाव्यात.