भाषा खपवायची तर आधी कोड लिहिणाऱ्यांना

नवी प्रोग्रामिंग भाषा टीममध्ये आणायची म्हटलं की पहिला मोह होतो मॅनेजरसाठी स्लाइड बनवायचा. पण हुकमाने भाषा वापरात येते, अंगवळणी पडेलच असं नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने एडा ही भाषा सक्तीची केली होती. १९९७ मध्ये ती सक्ती उठली. उलट कॉटलिन या भाषेला गूगलने अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठिंबा दिला २०१७ मध्ये, आणि तोवर अनेक डेव्हलपर ती वापरतही होते.

डेव्हलपर पहिल्या अर्ध्या तासात मत बनवतो. म्हणून आधी कोऱ्या मशीनवर स्वतः इन्स्टॉल करून बघा. हमखास अडतं ते इथे: पाथ (प्रोग्राम कुठे शोधायचा तो पत्ता) सेट झालेला नसतो, टर्मिनल बंद करून उघडावं लागतं, ऑफिसच्या प्रॉक्सीमुळे पॅकेज उतरत नाहीत. एडिटरमध्ये ऑटोकम्प्लीट आणि डीबगर चालत नसेल, तर डेमो पुढे ढकला.

डेमोत फिबोनाची (आधीच्या दोन आकड्यांची बेरीज करत जाणारी मालिका) नको, त्याला सगळे कंटाळलेत. लॉग फाइल वाचून तासागणिक किती एरर आल्या ते मोजा, आणि कीबोर्ड समोरच्याच्या हातात द्या. एक चूक मुद्दाम करू द्या. रस्ट या भाषेत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात टाकायची आणि मग जुनंच व्हेरिएबल छापायचं. रस्टमध्ये अशा मजकुराचा मालक एका वेळी एकच व्हेरिएबल असतो; मालकी कुठे गेली आणि त्यानंतर वापर कुठे झाला, दोन्ही ओळी कंपायलर दाखवतो. वर क्लोन, म्हणजे प्रत काढणंही सुचवतो. तो मेसेज सावकाश वाचून घ्या. दहा स्लाइडचं काम तिथेच होतं.

उणिवा आपणच आधी सांगाव्यात. रस्टचा मोठा प्रोजेक्ट कंपाइल व्हायला वेळ घेतो. कॉटलिनमध्ये नलची, म्हणजे रिकाम्या मूल्याची, भीती नाही असं छातीठोक सांगाल, तर जावाच्या कोडमधून आलेला नल दुसऱ्याच दिवशी तोंडघशी पाडेल.

पहिली फाइल टेस्टची घ्यावी. कॉटलिन आणि जावा एकाच प्रोजेक्टमध्ये नांदतात, आणि टेस्ट प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरात, जात नाही. नाही जमलं तर फाइल उडवून टाकायची. सगळं नव्याने लिहू म्हणणाऱ्याला मात्र आवरा, जुन्या कोडमधले बारीकसारीक नियम त्यात हरवतात.

मॅनेजरसाठी मग एक पान पुरतं: सांभाळणार कोण, नवा माणूस शिकणार कसा, माघार घ्यायची तर किती फाइल बदलाव्या लागतील. ते पान तुम्ही लिहू नका, ज्याने ती टेस्ट लिहिली त्याला लिहू द्या.