बाळाच्या तापाचा आकडा खरा कसा मिळवावा

तान्ह्या बाळाला ताप आहे की नाही, हे हात लावून ठरवू नका. आपलाच हात चुलीपाशी तापलेला असतो, नाहीतर पावसात भिजून गार पडलेला. कपाळासमोर धरायची ‘गन’ही मी तान्ह्यासाठी वापरणार नाही. वेंगुर्ला-मालवणच्या दमट उकाड्यात कपाळ घामेजलेलं असतं आणि ओल्या कातडीवर ती हमखास कमी ताप दाखवते. काखेत लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर स्वस्त आहे, आणि नीट वापरला तर भरवशाचाही.

पण आधी तो तपासा. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडे थर्मामीटर असतोच. भांड्यात कोमट पाणी घ्या, दोन्हींची टोकं एकाच खोलीवर शेजारी शेजारी धरा आणि पाणी ढवळत राहा. आकड्यांत ०.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा करून बघा, तरीही तेवढाच आला तर आपला बदला. उकळतं पाणी किंवा बर्फ यासाठी चालत नाही, कारण तो आकडा यंत्राच्या मापाबाहेरचा असतो. खाऱ्या हवेने सेलची टोकं गंजतात. आकडे अंधुक दिसू लागले की सेल लगेच बदला.

आता मोजायचं कसं? आपल्याकडे अंघोळीनंतर बाळाला शेक-धुरी देतात, त्यानंतर लगेच घेतलेला ताप खोटाच येणार. निदान अर्धा तास जाऊ द्या. दुपट्यात घट्ट गुंडाळलं असेल तर थोडं मोकळं करा. काखेतलं तेल, घाम कोरड्या फडक्याने टिपा. टोक काखेच्या मध्यात कातडीला टेकवा, कपड्याला नाही, आणि बाळाचा हात छातीशी धरून बीप वाजेपर्यंत थांबा. बाळ हललं तर पुन्हा घ्या. आकडा वेळेसकट लिहून ठेवा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३७.५ सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त आलं, तर घरी औषध न देता दवाखाना गाठा. ३५.५ (९५.९ फॅरनहाइट) पेक्षा कमी आलं तरीही तेच, कारण एवढ्या लहान बाळात गंभीर जंतुसंसर्ग झाला की अंग गारही पडतं. ‘ताप नाही ना’ म्हणून घरचे निश्चिंत राहतात, आणि याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला.

बाळ अंगावर पीत नसेल, मलूल पडलं असेल, झटके येत असतील किंवा शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, तर थर्मामीटर शोधत बसू नका. १०८ ला फोन करा.