पाण्याचा वार्षिक गुणवत्ता अहवाल: या चुका टाळा

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील आमच्या गावच्या पाणी समितीचा वार्षिक अहवाल मी काही वर्षे लिहीत आलो आहे आणि शेजारच्या गावांचे अहवालही माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात. अहवाल शेवटच्या घरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा असावा लागतो, आणि तो लिहिला जातो टाकीखालच्या पाण्याचा.

एका पावसाळ्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आमच्या खालच्या वाड्यावरील मुलांना जुलाब सुरू झाले. आमच्या अहवालात मात्र ई. कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेले जंतू, आढळले नसल्याची नोंद होती. चौकशी केली तेव्हा कळले की नमुना घेणाऱ्या मुलाने ब्लीचिंग पावडर टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजारातल्या पाण्याची रिकामी बाटली धुऊन, टाकीलगतच्या नळावरच ती भरली होती. अशा बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट नसते. त्यामुळे प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन आपले काम करीत राहते आणि नळाच्या पाण्यात जे जिवंत होते ते बाटलीत मरून जाते. नंतर आम्ही थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत शेवटच्या घरून नमुना घेतला, तेव्हा तेथे अवशिष्ट (पाण्यात उरलेले) क्लोरीन प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी होते आणि ई. कोलायही सापडले. गटाराखालून जाणाऱ्या नळाचा एक सांधा फुटला होता. पुरवठा बंद झाला की नळातील दाब जातो आणि अशा सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते.

तेव्हापासून माझा नियम असा आहे: पहिला नमुना शेवटच्या घरचा, टाकीचा सर्वांत शेवटी. क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) मी नळाजवळच मोजतो. निर्जंतुक बाटली खंगाळत नाही, ती काठोकाठ भरत नाही आणि बर्फाच्या पेटीत ठेवून, शक्य असेल तर सहा तासांच्या आत, स्वतः पोहोचवतो. एवढ्यासाठी अर्धा दिवस जातो अशी तक्रार नवे सदस्य करतात. ज्यांना अर्धा दिवस जड वाटतो त्यांनी हे काम अंगावर घेऊ नये.

दुसरी चूक टीडीएस मीटरची. फिल्टर विकणाऱ्यांनी हे यंत्र घरोघर नेल्यामुळे आकडा कमी आला की पाणी शुद्ध, अशी समजूत रूढ झाली आहे. हे यंत्र पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते, जंतूंचा नव्हे. जांभ्या दगडातून येणारे आमचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असते, म्हणून टीडीएस कमी येणे येथे साहजिक आहे, पीएच ६.५ ते ८.५ या मर्यादेत आहे का, लोह आणि मँगनीज किती आहे, हे येथे अधिक महत्त्वाचे.

जंतूंच्या तपासणीची सरासरी काढू नये. दहा नमुन्यांपैकी एकात ई. कोलाय सापडले तर तेच लिहावे, कारण आय.एस. १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ते मुळीच आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम असते ती नायट्रेट म्हणून मोजल्यावर. नायट्रोजन म्हणून मोजलेला आकडा तिच्याशी ताडू नये. टीडीएसची प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि २००० ही दुसरा स्रोत नसेल तेव्हाची, म्हणून सोयीसाठी दुसरा आकडा उचलू नये. प्रयोगशाळेने ‘मोजण्याच्या मर्यादेखाली’ असे कळवले तर शून्य लिहू नये.

फेरतपासणीत नमुना चांगला आला म्हणून आधीचा वाईट निकाल खोडून टाकण्याची सवय मला सर्वांत जास्त खटकते. दोन्ही निकाल तारखांसह लिहावेत आणि त्यांच्यापुढे मधल्या काळात कोणता सांधा बदलला, टाकी कधी धुतली, क्लोरीनची मात्रा किती वाढवली हे नोंदवावे. आमच्या त्या वर्षीच्या अहवालात खालच्या वाड्याचा वाईट निकाल, बदललेला सांधा आणि नंतरचा निकाल एकाच पानावर आहेत, आणि ते पान पंचायतीच्या फलकावर मराठीत लावले होते.